झाडाचा घोटा

५ फेब्रुवारी

आजपासून मी आमच्या संकुलाचा बाग-सचिव. बिनविरोध. म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, पण इतिवृत्तात ‘बिनविरोध’ असंच लिहिलं जातं, आणि ते लिहिलंय की नाही हे मी उठण्याआधी डोकावून पाहिलं. चौतीस वर्षं कचेरीत काढल्यावर माणसाला एवढं कळतं.

एकूण एकतीस झाडं आहेत. फाटकापासून इमारतीपर्यंत दुतर्फा चोवीस आणि मागे पंपाच्या खोलीआड सात, जी कोणाच्या नजरेस पडत नाहीत. चार वर्षांपूर्वी लावलेली. आधीच्या सचिवांनी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी, झाडांच्या बुंध्याशी गवताशिवाय काही वाढवलं नाही.

घरी आल्यावर ही म्हणाली, भाऊजींना विचारून करा. जिभेला काही हाड. माझा मोठा भाऊ चाळीस वर्षं एका इस्पितळाच्या बागेत माळी होता हे मी संकुलात कोणाला सांगितलेलं नाही. ‘उद्यान विभागात होते’ एवढंच सांगितलंय, आणि ते खोटं नाही. वहिनी गेल्यापासून, दोन वर्षं, दादा आमच्या मागच्या खोलीत राहतो. त्रास काही नाही त्याचा. फक्त जेवायला बसला की त्याचे हात दिसतात. नखांत माती. कितीही घासली तरी जात नाही म्हणतो. मी पानावरून नजर उचलत नाही.

९ फेब्रुवारी

एका मासिकात मोठ्या हॉटेलच्या आवाराचा फोटो सापडला. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी लाकडाच्या ढलप्यांचा उंच, गोल, निमुळता ढीग. उलट्या टोपल्या मांडून ठेवाव्यात तसे. याला मल्चिंग म्हणतात. जमीन थंड राहते, ओल टिकते, तण येत नाही. जूनमध्ये सुंदर परिसर स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. ठरलं. गुडघाभर उंच, सगळे एका मापाचे.

चहाच्या वेळी फोटो टेबलावर होता. दादाने उचलून डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “मल्च चांगलंच आहे रे. पण हे असं नको. खोडाला चिकटवू नकोस.”

मी म्हणालो, फोटो हॉटेलचा आहे, त्यांना कळत नसेल का.

“खोड खाली जिथं रुंद होतं ना, मुळं फुटायच्या आधी, तो झाडाचा घोटा. घोटा दिसला पाहिजे. वीतभर जागा सोडायची, मग चार बोटं जाडीचा थर, पसरून, फांद्या पोचतात तिथपर्यंत. साल ओली राहिली की कुजते. आपण पाय दिवसरात्र चिखलात ठेवू का?”

हे सगळं त्याने टेबलक्लॉथवर बोटाने गोल काढून दाखवलं. टेबलक्लॉथ पांढरा आहे. मी हिला तो धुवायला टाकायला सांगितला.

१६ फेब्रुवारी

ढलप्या आल्या. लाकूड कापण्याच्या कारखान्यामागे वर्षभर पडलेला ढिगारा होता, तोच उचलून आणला. खालचा भाग काळपट आणि गरम निघाला. फावडं घातलं की वाफ येई, वासही आंबूस. दादा खाली उतरला होता. मूठभर नाकाशी नेऊन म्हणाला, आठ दिवस उन्हात पसरून ठेव, आंबलंय हे. संकुलाच्या अध्यक्षीणबाई तिथेच उभ्या होत्या. मी हसून म्हणालो, आमच्या दादांना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय आहे. त्याही हसल्या. दादा वर गेला.

संध्याकाळपर्यंत चोवीसही ढीग उभे. माप घ्यायला मी लाकडी पट्टी केली होती. पंपाच्या खोलीपर्यंत माल पुरला नाही. तिथे कोण बघतंय. लोक घरी येताना थांबून बघत होते. दोघांनी फोटो काढले. इतकं कौतुक मला निवृत्तीच्या समारंभातही वाट्याला आलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

कोणीतरी माझे ढीग उकरतंय. आज सकाळी फाटकाजवळच्या तीन झाडांभोवती ढलप्या मागे सारलेल्या होत्या, खोडाभोवती गोल उघडा. कुत्र्याचं काम नाही हे. कुत्रं इतकं गोल उकरत नाही.

माझा संशय तिसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या कौतुकाने त्यांच्या पोटात दुखतंय. सूचनाफलकावर लाल शाईत सूचना लावली.

हिला सांगितलं की न्हाणीघराबाहेर पाणी सांडत जाऊ नका, रोज सकाळी दादाच्या चपला ओल्या असतात आणि फरशीवर ठसे उमटतात. ती फडकं घेऊन ठसे पुसायला लागली.

३ मार्च

पुन्हा चार. मी दुपारी माणसं लावून ढीग सारखे करून घेतो आणि सकाळी ते पुन्हा उघडे. आता तर उघडलेल्या जागेत खोडाभोवतीची मातीही बोटांनी साफ केलेली. किती हा द्वेष!

जेवताना दादाच्या नखांकडे लक्ष गेलं. नेहमीपेक्षाही काळी. म्हणालो, दादा, चारचौघांत राहतो आपण. त्याने हात मांडीवर ठेवले आणि बाकीचं चमच्याने जेवला.

७ मार्च

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

उजाडता उजाडता मी, पहारेकरी आणि मुद्दाम बोलावलेले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, असे फाटकाच्या चौकीत दबा धरून बसलो. त्यांना बोलावण्यात माझा हेतू हा की चोर त्यांच्याच घरातला निघाला तर त्यांच्या डोळ्यांदेखत सापडावा. निघाला तो माझ्या घरातला.

दादा. गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हातांनी ढलप्या मागे ओढत. घाई नव्हती. एका झाडाचं झालं की खोडावर तळवा ठेवायचा, जरा थांबायचा आणि मग पुढच्या झाडाकडे. आम्ही समोर उभे राहिलो तेव्हा त्याने वर पाहिलं आणि सहज म्हणाला, “बरं झालं आलास. हे बघ, साल मऊ पडायला लागलीय. अजून वेळ गेलेली नाही.”

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी म्हणालो, “माफ करा. दादाच्या डोक्यावर हल्ली परिणाम झालाय. काय करतो ते त्याला आठवत नाही.”

असं काही म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण गेल्यावर लक्षात आलं की याहून चांगलं दुसरं काही सुचलं नसतं. त्या गृहस्थांचं हसू मावळलं, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहारेकऱ्याने दादाला दंडाला धरून उठवलं, लहान मुलाला उठवतात तसं. दादा माझ्याकडे बघत राहिला. मी आकाशाकडे पाहिलं.

८ मार्च

तातडीची सभा. लोक समजूतदारपणे वागले. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, पुन्हा असं झालं तर? मी आदल्या दिवशीच दादाला बजावलं होतं की आता तू बोललास तर मी खोटारडा ठरेन, आणि मग या घरात आपल्या दोघांना राहता यायचं नाही. त्यामुळे तो खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून गप्प बसला होता. शहाण्यासारखा.

सर्वांचं समाधान व्हावं म्हणून मीच सुचवलं की दादाने उकरलेले ढीग स्वतःच्या हाताने पूर्ववत करावेत. सगळे खाली उतरले. काहींनी बाल्कनीतून पाहिलं. अकरा झाडं होती. त्याने अकराही केली. खोडाला चिकटवून, गुडघाभर उंच, माझ्या पट्टीच्या मापाने. एका ढिगाची उंची बोटभर कमी भरली, ती मी भरायला लावली. शेवटच्या झाडाशी तो थोडा थांबला. मला वाटलं दमला. पाहतो तर डोळ्यांना पाणी. एका झाडापायी इतकं?

एकाने विचारलं, काका, मी कोण ते ओळखलंत का? दादा म्हणाला, हो, तुम्ही दुसऱ्या मजल्यावरचे. तो माणूस पहिल्या मजल्यावर राहतो. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. माझं म्हणणं आपोआप सिद्ध झालं.

२१ मार्च

दादाला वृद्ध निवासात पोचवून आलो. शहराबाहेर आहे, जागा स्वच्छ, व्हरांडा लांब. संकुलात त्याच्याकडे बघून लोक हळू आवाजात बोलायला लागले होते, ते त्यालाच बरं वाटलं नसतं. हिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलंय. तिला कोण सांगणार की निर्णय घेणाऱ्यालाच सोसावं लागतं.

माझी कॉलेजची तीन वर्षं दादाच्या पगारावर झाली. हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच खिडकीजवळची खाट मागून घेतली.

निघताना तो एवढंच म्हणाला, “पंपाच्या खोलीमागची सात मी मोकळी करून थर नीट पसरलाय. पुढच्याच ढिगांतलं थोडं थोडं नेऊन. तिथं कोणी बघत नाही. तेवढी सात राहू दे.”

मी बरं म्हणालो. नाहीतरी तिथे घालायला माल उरलेला नाही.

१९ एप्रिल

ऊन कडक. ढीग झकास दिसतायत. निवासातून फोन होता. दादाने म्हणे व्हरांड्यातल्या मेलेल्या कुंड्या जिवंत केल्या, आणि आता बायका त्याच्याकडून रोपं मागून नेतात. मी सांभाळणाऱ्या बाईंना म्हटलं, त्याचे हात तेवढे धुवायला लावत जा.

२८ मे

पानं पिवळी पडतायत. कडेने करपल्यासारखी. उन्हाचा ताप असणार. पाणी दुप्पट केलं आणि ढिगांवर नव्या ढलप्यांचा आणखी एक थर चढवला. आता ते जवळजवळ मांडीपर्यंत आलेत. दोन ढिगांत उंदरांनी बिळं केलीयत, औषध टाकलं.

एकदा मनात आलं की दादाला फोन करून विचारावं. मग वाटलं, ज्याला आपण वेडा ठरवलं त्याला कसं विचारायचं?

१५ जून

परीक्षक आले. तोपर्यंत नऊ झाडांवर पान उरलं नव्हतं. एक परीक्षक नम्रपणे म्हणाले, ढीग मात्र फार नेटके आहेत. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

२४ जून

अध्यक्षीणबाईंच्या आग्रहावरून झाडांच्या तज्ज्ञ बाई आल्या. तरुण, पायांत बूट, बोलणं तोडून. सोबत मी एकटाच होतो, नशीब. त्यांनी पहिल्याच झाडाचा ढीग पायाने बाजूला केला. आतून शिरक्यासारखा वास आला. खोडाची साल त्यांनी नुसती बोटाने ओढली तर ओल्या कागदासारखी हातात आली. खाली तपकिरी, लिबलिबीत. एका ठिकाणी उंदरांनी साल चौफेर कुरतडलेली. जमिनीतून वर ढिगात पांढरी बारीक मुळं चढली होती, आणि वरचा थर इतका घट्ट बसला होता की दुप्पट घातलेलं पाणी आत न जाता बाजूने वाहून जात होतं.

“आच्छादन खोडाला चिकटवायचं नसतं,” बाई म्हणाल्या. “बुंधा जिथं रुंद होतो तो भाग उघडा हवा. वीतभर जागा सोडून तीन-चार इंच थर, बस. हे कोणी करायला लावलं?”

मी म्हणालो, आधीच्या समितीने.

मग त्या मागे गेल्या. मी नको म्हणत होतो, तिकडे काही नाही म्हणत होतो. पंपाच्या खोलीमागे सातही झाडं हिरवीगार उभी होती. बाई खाली बसल्या, थरात बोट खुपसलं, खालची माती काळी, ओली, भुसभुशीत. “हे ज्याने केलं त्याला बोलवा ना,” म्हणाल्या. “त्याला काम येतं.”

मी सांगितलं, तो माणूस आता इथे नसतो.

त्यांनी दोन पानी अहवाल लिहून दिला. पुढची चोवीस गेली, मागची सात वाचली, कारण अमुक. तो माझ्या टेबलाच्या खणात या वहीखाली आहे. खणाला कुलूप आहे.

२ जुलै

सभा. मी अहवाल वाचणार होतो. खिशात घेऊन गेलो होतो, हे देवाशपथ लिहितो. पण मी उभा राहण्याआधीच तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “सचिवांना दोष नको. त्यांच्या बंधूंनी महिनाभर मुळं उकरली, आपण डोळ्यांनी पाहिलंय.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या माणसाला मी शत्रू समजत होतो तोच माझ्या बाजूने उभा राहिला.

मी नाही म्हटलं नाही. मग अध्यक्षीणबाईंनी थेट विचारलं, तज्ज्ञांचंही हेच मत आहे का? मी हो म्हणालो. मागच्या सातांचं कोणी विचारलं नाही.

इतिवृत्तात नोंद झाली: झाडांची हानी सचिवांच्या आजारी बंधूंच्या हातून झाली, याबद्दल सभा सहानुभूती व्यक्त करते. मराठी सदोष होतं, मी दुरुस्त करून दिलं.

रात्री झोप बरी लागली. त्याचंच थोडं नवल वाटतंय.

६ जुलै

दादाला भेटून आलो. व्हरांडा ओळखू येईना इतका हिरवा. तो कुंड्यांतून वाळलेला पाला पसरत होता, प्रत्येक रोपाभोवती वीतभर नाही पण दोन बोटं जागा सोडून. मला पाहून उजळला. माती लागलेल्या हातानेच खुर्ची ओढली.

“झाडं कशी आहेत?”

बस, एवढाच प्रश्न. मी वाटभर ठरवत आलो होतो की बरी आहेत म्हणायचं. पण मग विचार आला, संकुलातलं कोणी इथे आलं तर? इतिवृत्त एक सांगणार आणि दादा दुसरं. बाहेरून कळण्यापेक्षा भावाच्या तोंडून कळलेलं बरं.

मी म्हणालो, “गेली, दादा. तू जी उकरलीस त्यानं मुळं उघडी पडली. तज्ज्ञ बाई येऊन सांगून गेल्या.”

त्याने जवळच्या कुंडीतली माती बोटाने चाचपली. मग म्हणाला, “मी मुळांना हात लावला नव्हता. नुसतं वरचं ओढलं होतं.”

“तुला आठवत नाही.”

“चाळीस वर्षं मी तेच...” म्हणाला आणि थांबला. स्वतःच्या हातांकडे पाहिलं, वरून, मग उलटे करून. “असेल. हात जड पडला असेल. तू त्या दिवशी म्हणाला होतास ना, मला आठवत नाही म्हणून. मला वाटलं लोकांसाठी म्हणतोयस.”

मी खिडकीबाहेर बघत होतो.

“आणि ती मागची सात?”

इथे मी खरं सांगू शकत होतो. पण एकदा सांगायला लागल्यावर अर्धवट सांगून चालत नाही. सात वाचली म्हटलं असतं तर त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

“तीही गेली,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. हातातला पाला कुंडीत ठेवला नाही, जमिनीवर ठेवला. मग माझी माफी मागितली. तुझं नाव खराब केलं म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे, मी मनात ठेवलं नाही.

१८ ऑगस्ट

नवीन चोवीस रोपं लावली. या वेळी मी जातीने उभा राहिलो. माणसांना सांगितलं, घोटा दिसला पाहिजे, वीतभर जागा सोडा, चार बोटं थर, फांद्या पोचतात तिथपर्यंत. ढलप्या आठ दिवस उन्हात पसरून घेतल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, किती बारकाईने अभ्यास केलात हो तुम्ही. एकाने विचारलं, घोटा हा शब्द कुठला? मी म्हणालो, वाचनातला.

१ सप्टेंबर

दादाकडे गेलो होतो. एक रोप जास्तीचं उरलं होतं, ते त्याच्यासाठी कुंडीतून नेलं. माणसाने मन मोठं ठेवावं.

व्हरांड्यात नुसती माती भरलेल्या कुंड्या ओळीने. सांभाळणाऱ्या बाईंनी आडोशाला नेऊन सांगितलं, दोन महिने होत आले, कशालाच हात लावत नाहीत. पाणी घाला म्हटलं तरी नाही. रोपं वाळत होती तेव्हा दुसऱ्यांना म्हणायचे, तुम्ही घाला, पण माझ्या देखत नको. हल्ली जेवणही टाकलंय अर्धं. मी म्हटलं, वय झालंय.

तो खाटेवर बसला होता, खिडकीकडे पाठ करून. मी रोप पुढे केलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको. बाहेर ठेव,” म्हणाला. “माझ्या हातानं जाईल.”

मग निघताना मी त्याचा हात ओढून हातात घेतला. खूप वर्षांनी घेतला असेन. त्वचा मऊ झालीय. नखं एकदम स्वच्छ, पांढरी, एक रेघ नाही मातीची. मी म्हणालोसुद्धा, बघ, जातेच की माती. तो म्हणाला, “हो. आता काही करत नाही ना.”

खरं सांगायचं तर एक क्षण जिभेवर आलं होतं. एकच वाक्य होतं, सातही उभी आहेत. पण बस सुटायची वेळ झाली होती. पुढच्या खेपेला बघू.

घरी जेवताना हिने विचारलं, कसे आहेत भाऊजी? म्हटलं, छान, हात अगदी स्वच्छ झालेत आता. आता इकडे आणायलाही हरकत नाही म्हटलं, चारचौघांत बसवण्यासारखे झालेत. तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. ती पानावरून उठली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. मी हाक मारली, पण आली नाही. जेवण तसंच राहिलं तिचं.